सफेद मुसळी : बेण्यापासून सुक्या मालापर्यंत

सफेद मुसळी (क्लोरोफायटम बोरिविलियानम) ही पावसाळ्यात उगवणारी आणि कंदासारख्या मांसल मुळांसाठी गोळा केली जाणारी औषधी वनस्पती आहे. शास्त्रीय नावातील 'बोरिविलियानम' हा शब्द मुंबईजवळच्या बोरिवलीवरून आला आहे. सातपुड्यात आणि त्याच्या दक्षिणेकडील नवापूर, चिंचपाडा, विसरवाडी या पट्ट्यातील डोंगरउतारांवर मुसळीच्या जाती नैसर्गिकरीत्या उगवतात. पहिल्या पावसात तिच्या कोवळ्या पानांची भाजी केली जाते. फोडशी किंवा कुलूची भाजी म्हणून लोक जी ओळखतात, ती याच कुळातील. सोलून सुकवलेली मुळे आयुर्वेदात बल्य म्हणून वापरली जातात. त्यांत सॅपोनिन हा महत्त्वाचा घटक असतो.

मुसळीला मागणी आहे, पण शेतकऱ्याच्या आणि संकलकाच्या हाती पैसा कमी पडतो. याची दोन प्रमुख कारणे आहेत. एक, माल अपक्व असताना काढला जातो. दोन, सोलणी व सुकवणीत तो खराब होतो. मुसळीची किंमत मुळाच्या पक्वतेवर आणि कोरडेपणावर ठरते. त्यामुळे लागवडीपेक्षा काढणीनंतरच्या कामाकडे अधिक लक्ष देण्याची गरज आहे. या लेखात बेणे निवडण्यापासून सुका माल विकण्यापर्यंतची माहिती दिली आहे.

खरी मुसळी कशी ओळखावी?

बाजारात 'सफेद मुसळी' या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वनस्पतींची मुळे विकली जातात. बेणे घेताना आणि जंगलातून माल गोळा करताना पुढील फरक पाहावा.

• क्लोरोफायटम बोरिविलियानम : मांसल मुळे खोडाच्या चकतीलाच थेट जोडलेली असतात. मुळे लांबट, दोन्ही टोकांकडे निमुळती आणि झुबक्याने येतात. व्यापारात हीच जात सर्वांत जास्त पसंत केली जाते.

• क्लोरोफायटम ट्यूबरोसम : चकतीपासून दोऱ्यासारखी बारीक मुळे निघतात आणि त्यांच्या टोकाशी गाठ धरते. जंगलात ही जात बऱ्याच ठिकाणी दिसते. तिला भाव कमी मिळतो. दोन्ही जातींचा माल एकत्र केल्यास पूर्ण मालाचा भाव पडतो.

• शतावरी वर्गातील मुळे : सोलून सुकवल्यावर ती मुसळीसारखी दिसतात. भेसळ बहुधा यांचीच होते.

• काळी मुसळी (कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस) : ही पूर्णपणे वेगळी वनस्पती आहे. फूल पिवळे असते आणि मूळ बाहेरून काळपट, जाड व एकच असते. सफेद मुसळीचे फूल पांढरे असते.

सुक्या मुळाचा चुरा पाण्यात हलवला की फेस येतो. सॅपोनिनमुळे असे होते. मात्र शतावरीच्या मुळातही सॅपोनिन असल्याने केवळ फेसावरून मुसळी खरी आहे असे समजू नये. शंका असल्यास पानाफुलांसह पूर्ण रोप कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून जात निश्चित करून घ्यावी.

जंगलातील मुसळी : काढणी उशिरा का करावी?

जंगलातील मुसळी बहुतेक वेळा पावसाळ्यातच, पान हिरवे असताना उपटली जाते. याचे कारण व्यावहारिक आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पान वाळून गळते आणि त्यानंतर झाड कुठे होते हे सापडत नाही. शिवाय आपण थांबलो तर दुसरा कोणी काढून नेईल, ही भीती असते. पण हिरव्या पानाबरोबर काढलेले मूळ पाणचट असते, सुकल्यावर सुरकुतते आणि रंगही चांगला येत नाही. बी पडण्याआधीच झाड गेल्याने पुढच्या वर्षी त्या जागी मुसळी उगवत नाही. अनेक डोंगरांवर मुसळी विरळ होण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

यावर पुढील उपाय करता येतात.

• ऑगस्टमध्ये फुले असताना झाडे शोधून प्रत्येक झाडाजवळ बांबूची छोटी खुंटी रोवावी. पान वाळल्यानंतर खुंटीवरून जागा सापडते.
• काढणी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरमध्ये करावी. तोपर्यंत बी पडलेले असते.
• तीनपैकी किमान एक झाड जागेवर राखावे.
• काढलेल्या झुबक्यातील चकती एक-दोन मुळांसह त्याच खड्ड्यात परत पुरावी. पुढील पावसात तिला फुटवा येतो.
• भाजीसाठी पाने कापून घ्यावीत, रोप उपटू नये.

एकट्या संकलकाने थांबून उपयोग होत नाही, कारण शेजारचा थांबेलच असे नाही. त्यामुळे काढणीची तारीख ग्रामसभेने ठरवणे महत्त्वाचे आहे. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायदा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) यांनुसार गौण वनोपजावर ग्रामसभेचा व वनहक्कधारकांचा अधिकार आहे. 'अमुक तारखेपूर्वी मुसळी काढायची नाही आणि व्यापाऱ्याने गावात खरेदी करायची नाही' असा ठराव घेतल्यास सर्वांचाच माल पक्व निघतो. एकत्र मालामुळे भाव ठरवतानाही गावाची बाजू मजबूत राहते. विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय जुलैच्या ग्रामसभेतच मांडावा. ऑक्टोबरमध्ये मांडून फायदा नाही.

लागवडीसाठी जमीन व गादीवाफा

मुसळीला पाऊस चालतो, पण मुळाजवळ साचलेले पाणी चालत नाही. नवापूर पट्ट्यात भाताच्या खाचरात मुसळी घेऊ नये. उताराची, भुसभुशीत, मुरूम मिसळलेली तांबूस किंवा मध्यम जमीन निवडावी. भारी काळ्या जमिनीत मुळे वाकडी होतात, सडतात आणि काढताना तुटतात.

• उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यावी.
• प्रति गुंठा २०० ते २५० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. नवापूर भागात कुक्कुटपालनाचे खत सहज मिळते. ते वापरायचे असल्यास किमान तीन-चार महिने कुजवून आणि शेणखतापेक्षा बऱ्याच कमी प्रमाणात वापरावे. कच्च्या खतामुळे हुमणी व मूळकूज वाढते.
• माथ्याशी ९० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच गादीवाफे करावेत. दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंमीची सरी ठेवावी आणि सरीचे पाणी शेताबाहेर निघेल असा उतार द्यावा.

बेणे आणि लागवड

लागवड मुळांपासून करावी. बियांची उगवण कमी व अनियमित होते आणि बियांपासूनच्या रोपांची मुळे पहिल्या वर्षी बारीकच राहतात.

बेण्यासाठी ५ ते १० ग्रॅम वजनाचे, न सोललेले, निरोगी मूळ घ्यावे. त्याला चकतीचा तुकडा आणि त्यावर डोळा असणे आवश्यक आहे. चकती नसलेले मूळ कितीही जाड असले तरी उगवत नाही. बेणे विकत घेताना सर्वाधिक फसवणूक इथेच होते. पोत्याच्या वरच्या थरात झुबके आणि खाली सुटी मुळे असतात. म्हणून पोते रिकामे करून पाहावे आणि वजनाबरोबर चकतीसह मुळांची संख्याही मोजावी.

लागवडीपूर्वी बेणे ट्रायकोडर्माच्या द्रावणात (५ ग्रॅम प्रति लिटर पाणी) बुडवून सावलीत निथळावे. औषधी मालात रासायनिक अवशेष तपासले जातात, त्यामुळे शिफारस नसलेली बुरशीनाशके व कीटकनाशके वापरू नयेत.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर लागवड करावी. एका वाफ्यावर ३० सेंमी अंतराने तीन ओळी आणि ओळीत १५ सेंमी अंतर ठेवावे. डोळा वरच्या बाजूला ठेवून चकतीवर दोन-तीन सेंमी माती येईल असे लावावे. या अंतराने एका गुंठ्यात सुमारे १,५०० रोपे बसतात आणि सरासरी ७ ग्रॅमच्या मुळाप्रमाणे १० किलोच्या आसपास बेणे लागते.

दोन ते तीन खुरपण्या कराव्यात. खुरपणी हलक्या हाताने करावी, कारण मुळे वरच्या थरात असतात. जुलै-ऑगस्टमध्ये येणारे फुलांचे दांडे खुडल्यास मुळे पोसण्यास मदत होते. बियांसाठी काही रोपे राखावीत. पावसात खंड पडल्यास हलके पाणी द्यावे. रानडुक्कर व उंदीर मुळे उकरतात, त्यासाठी कुंपण व राखण लागते.

काढणी : पान वाळणे ही खूण नाही

पान वाळून गळले की पीक तयार झाले, असा गैरसमज आहे. पान गळते तेव्हा मुळाची साल फिकट पांढरट असते. मूळ जमिनीत राहू दिल्यास पुढील दोन-अडीच महिन्यांत साल तपकिरी आणि नंतर गडद तपकिरी होते. हीच पक्वतेची खूण. पान गळल्यानंतर वाफे पूर्ण कोरडे पडू देऊ नयेत, अधूनमधून हलके पाणी द्यावे. नाहीतर मुळे जागेवरच सुकतात.

डिसेंबरच्या मध्यापासून दर आठवड्याला दोन-तीन झुबके उकरून पाहावेत. साल सर्वत्र गडद झाली असेल, तर काढणी सुरू करावी. साधारणपणे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य ठरतो. काढणीच्या दोन दिवस आधी हलके पाणी द्यावे, म्हणजे माती सैल होते. कुदळीने झुबक्याच्या बाजूने माती उकरून पूर्ण झुबका उचलावा. ओढून काढू नये.

काढणी होताच मालाचे दोन भाग करावेत. निरोगी, मध्यम आकाराचे झुबके पुढील वर्षाच्या बेण्यासाठी बाजूला ठेवावेत. ते सोलू किंवा धुऊ नयेत. सावलीत, हवेशीर जागी कोरड्या वाळूच्या थरांत ठेवावेत आणि महिन्यातून एकदा तपासून सडलेली मुळे काढून टाकावीत. उरलेली जाड मुळे चकतीपासून सोडवून सोलणीसाठी घ्यावीत.

सोलणी

मुसळीतील सर्वांत खर्चिक काम सोलणी हेच आहे. अनुभवी माणूस चाकूने दिवसाला १ ते ५ किलो ओली मुळे सोलतो.

• मुळे वाहत्या पाण्यात चटकन धुवावीत. तासन् तास भिजत ठेवू नयेत. सॅपोनिन पाण्यात विरघळते आणि सोललेले मूळ भिजवल्यास ते निघून जाते.
• सोलण्यासाठी न गंजणारा चाकू वापरावा. काही ठिकाणी काचेच्या तुकड्याने साल खरवडतात. कपच्या मालात राहण्याचा धोका असल्याने ही पद्धत टाळावी.
• साल सुटावी म्हणून मुळांचा ओला ढीग घालून कुजवू नये. काम सोपे होते, पण मुळांवर बुरशीचे डाग पडतात आणि माल पिवळट होतो.
• एका दिवसात जेवढे सोलता येईल तेवढेच धुवावे. सोललेली मुळे त्याच दिवशी वाळत घालावीत.

सुकवण, प्रतवारी व साठवण

सोललेली मुळे स्वच्छ सुती कापडावर किंवा जाळीच्या मांडवावर एका थरात पसरावीत. शेणाने सारवलेल्या अंगणात थेट वाळत घालू नयेत. त्यातून जंतूंचे प्रमाण वाढते आणि प्रयोगशाळेच्या तपासणीत माल नाकारला जातो. हिवाळ्यातील कोवळ्या उन्हात चार ते सात दिवसांत मुळे वाळतात. रात्री माल आत घ्यावा, दवात ठेवू नये. गटाकडे सौर वाळवणी यंत्र असल्यास तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे.

मूळ वाकवल्यावर लवचीक वाटले तर माल अजून ओला आहे. वाकवताच कट्कन तुटले आणि आतून पांढरे दिसले तर सुकवण पूर्ण झाली. ओलावा ८ ते १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. १०० किलो ओल्या मुळांपासून साधारण १५ ते २० किलो सुका माल मिळतो.

लांब, सरळ, भरीव, पांढरी, ठिसूळ आणि चावल्यावर दाताला चिकटणारी मुळे पहिल्या प्रतीत ठेवावीत. आखूड व किंचित पिवळट मुळे दुसऱ्या प्रतीत घ्यावीत. तुटकी, बारीक व डागाळलेली मुळे तिसऱ्या प्रतीत वेगळी ठेवावीत. सुकी मुसळी हवेतील ओलावा लगेच शोषते. त्यामुळे माल जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत हवाबंद करून वरून पोते घालावे. खते, कीटकनाशके व मिरची यांच्या जवळ ठेवू नये. भुकटी करून साठवण्यापेक्षा अख्खी मुळे साठवावीत. भुकटीतील भेसळ ओळखता येत नाही, म्हणून खरेदीदारही अख्ख्या मुळांनाच पसंती देतात.

दोन गुंठ्यांचा हिशोब

पहिल्या वर्षी एकरभर लागवड करू नये. पुढील हिशोब उदाहरणादाखल आहे. दोन गुंठ्यांत २० किलो बेणे लावले आणि तिप्पट, म्हणजे ६० किलो ओली मुळे मिळाली असे समजू. त्यातील २० किलो बेण्यासाठी राखल्यावर ४० किलो सोलणीला उरतात. एका माणसाने दिवसाला ४ किलो सोलले तर १० मनुष्यदिवस लागतात. १८ टक्क्यांप्रमाणे सुका माल सुमारे ७ किलो होतो.

हेच एका एकराला लावले, तर ४ क्विंटल बेणे, ८ क्विंटल ओली मुळे सोलणीला, २०० मनुष्यदिवस आणि सुमारे १४४ किलो सुका माल, असा आकडा येतो. आपल्या गावची मजुरी, बेण्याचा दर आणि खरेदीदाराने सुक्या मालाला दिलेला लेखी दर या हिशोबात घालून पाहावा. घरचे हात किंवा बचत गट सोलणीला असल्याशिवाय हे पीक मोठ्या क्षेत्रावर परवडत नाही.

सन २००० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात मुसळीची मोठी लाट आली होती. महाग बेणे विकून 'सर्व माल आम्हीच परत घेऊ' असे सांगितले गेले. बऱ्याच ठिकाणी खरेदीला कोणी आले नाही आणि शेतकऱ्यांचे बेण्याचे पैसे बुडाले. त्यावेळचा नफ्याचा हिशोब बेण्याच्या विक्रीवर मांडलेला होता, सुक्या मालावर नव्हता. आजही कोणी योजना घेऊन आल्यास सुक्या मालाचा दर, प्रत, ओलाव्याची मर्यादा आणि पैसे देण्याची मुदत लेखी घ्यावी. हे लिहून देत नसेल, तर त्याच्याकडून बेणे घेऊ नये.

परदेशी मुळांच्या जाहिराती

मुसळीसारखेच गुण सांगून 'तोंगकत अली' या मलेशिया-इंडोनेशियातील मुळाच्या रोपांच्या जाहिराती दिसतात. ते आग्नेय आशियातील दमट वर्षावनातील सदाहरित झाड आहे आणि त्याचे मूळ काढणीस येण्यास अनेक वर्षे लागतात. आपल्याकडील सात-आठ महिन्यांच्या कोरड्या हंगामात ते व्यापारी पीक म्हणून घेण्याचा सल्ला देता येत नाही.

अर्क, चूर्ण आणि कायदा

सुकी मुळे हा शेतमाल म्हणून विकता येतो. त्याचे चूर्ण किंवा अर्क औषध म्हणून बनवून विकण्यासाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार परवाना लागतो. राज्यात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. सॅपोनिनचे ठरावीक प्रमाण असलेला अर्क काढणे हे कारखान्याचे काम आहे, घरगुती काढ्याला तो दर मिळत नाही. पाकिटावर लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा छापणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने गुन्हा आहे. बचत गटांनी याची विशेष काळजी घ्यावी. मुसळीचे सेवन कोणी, किती व कसे करावे, हे वैद्यांना विचारावे.

लागवडीचा माल जंगलातील मालापासून वेगळा दाखवता यावा, यासाठी ई-पीक पाहणीत मुसळीची नोंद करावी आणि उगमाच्या दाखल्याबाबत गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे चौकशी करावी. लागवडीच्या तांत्रिक माहितीसाठी कोळदा (नंदुरबार) येथील कृषी विज्ञान केंद्र, आणंदजवळील बोरियावी येथील औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी यांच्याशी संपर्क साधावा.

महिन्यानुसार कामे

• एप्रिल-मे : नांगरट, कुजलेले खत, गादीवाफे, वाळूतील बेण्याची तपासणी
• जून : बेणेप्रक्रिया व लागवड
• जुलै-ऑगस्ट : खुरपणी, निचरा, फुलांचे दांडे खुडणे, ग्रामसभेत काढणीच्या तारखेचा ठराव, जंगलातील झाडांजवळ खुंट्या
• सप्टेंबर-ऑक्टोबर : पानगळ, काढणी करू नये
• नोव्हेंबर : वाफ्यांना हलके पाणी, खरेदीदाराशी लेखी बोलणी, महिन्याच्या उत्तरार्धापासून जंगलातील पक्व मुळांची काढणी
• डिसेंबर-फेब्रुवारी : सालीचा रंग पाहून शेतातील काढणी, बेणे वेगळे करणे, सोलणी, सुकवण, प्रतवारी
• मार्च : हवाबंद साठवण व विक्री